गिट्टी तीच, कायदा नवा

बडनेरा जंक्शनच्या मालधक्क्यावर मी १९७६ साली गुड्स क्लार्क म्हणून लागलो आणि त्याच टेबलाशी केस पांढरे करून घेतले. मालबाबूच्या हिशेबी इतिहास दोनच रकान्यांत मावतो, चढलेला माल आणि उतरलेला माल. वऱ्हाडातून चढला तो कापूस. उतरलं ते धान्य, खत, सिमेंट. त्या धान्यातलं काही साता समुद्रांपलीकडून आलेलं असे. आजकाल परदेशी मदतीच्या कार्यक्रमांत माणसाचे हक्क धरलेच पाहिजेत, असं मोठमोठ्या परिषदांमधून सांगतात. संयुक्त राष्ट्रांनी १९८६ साली विकासाच्या हक्काचा जाहीरनामाच काढला. चांगलं आहे. पण मदत आणि हक्क यांतला फरक वऱ्हाडाने आधीच भोगून पाहिला होता, आणि तो फरक आमच्याकडे गिट्टीच्या ढिगावर ठरला.

जीआयपी रेल्वे इथे आली १८६० च्या दशकात, ती कापसासाठी. अमरावतीचा बाजार मोठा, म्हणून बडनेऱ्याहून तिकडे फाटा काढला. पुढे १८९९-१९०० चा, आमचे म्हातारे ज्याला छप्पन्नचा म्हणत तो दुष्काळ पडला. सरकारकडे तोवर फॅमिन कोड तयार होता. १८८० च्या दुष्काळ आयोगातून आलेली ही नियमावली. दुष्काळी कामं काढायची, माणसांना गिट्टी फोडायला, माती उचलायला लावायचं आणि जेमतेम जीव तगेल एवढी मजुरी द्यायची. पुरुषाला जास्त, बाईला कमी, पोराला त्याहून कमी. काम मुद्दाम कष्टाचं ठेवायचं, म्हणजे खरोखर उपाशी असेल तोच येईल. कोडात साहेबाला सूचना होत्या. मजुराच्या हाती मात्र काही नव्हतं. कामावरून हाकललं तर तो दाद कुठे मागणार?

त्याच १९०० साली अमेरिकेतल्या 'ख्रिश्चन हेरल्ड' या साप्ताहिकाने वर्गणी गोळा केली आणि 'क्विटो' नावाचं जहाज मक्याने भरून मुंबईला धाडलं. परमुलखातल्या साध्या माणसांनी ओळखदेख नसताना पाठवलेलं हे धान्य. त्यांचे उपकार मी नाकारत नाही. अकोल्याला तेव्हा अलायन्स मिशनचं ठाणं होतं. दुष्काळात पोरकी झालेली लेकरं मिशनऱ्यांनी सांभाळली, शिकवली, आणि ख्रिस्ती केली. त्यांचे नातू-पणतू आज अकोला-खामगावात आहेत. लेकराला भाकरी मिळाली हे खरं, भाकरीबरोबर काय घ्यायचं हे त्याला कोणी विचारलं नाही हेही खरं. मदतीचं हे दुखणं तेव्हापासूनचं आहे. देणारा भला असला तरी अटी त्याच्याच.

आमच्या मातीतला दुसरा धागा पंजाबराव देशमुखांचा. पापळचा हा माणूस ऑक्सफर्डहून वेदांवर प्रबंध लिहून परतला, १९२७ साली अमरावतीच्या अंबादेवी मंदिर प्रवेशाच्या लढ्यात उतरला, आणि जिल्हा कौन्सिलचा अध्यक्ष होताच त्याने सार्वजनिक विहिरी अस्पृश्यांना खुल्या केल्या. विहीर खोदणं हा विकास. त्या विहिरीवर कोणाची बादली चालेल, हा हक्क. दोन्ही एका सहीत आणणारा अध्यक्ष आम्हाला मिळाला, त्याला परदेशी पैसा लागला नाही. पुढे ते देशाचे कृषिमंत्री झाले आणि १९५९ साली दिल्लीत त्यांनी जागतिक कृषी प्रदर्शन भरवलं. अमेरिकेच्या दालनासाठी खुद्द आयझेनहॉवर आले होते.

पण आमच्या पिढीला अमेरिका भेटली ती पोत्यावर. शाळेत असताना, साठीच्या दशकात, दुधाची भुकटी आणि गहू यायचे. पोत्यावर हातात हात घेतलेल्या दोन पंजांचं चित्र. अमेरिकी जनतेकडून, विकायला मनाई, असं इंग्रजीत छापलेलं. आम्हाला इंग्रजी येत नव्हतं, म्हणून आमचे बाप ती रिकामी पोती बेधडक विकत. काहींच्या घरी त्याची वाकळ झाली, ती अंगाला टोचे. वर्षातून सहा महिने यार्डात माजणारं गाजर गवतही त्याच गव्हातून आलं असं सगळे सांगतात. शास्त्रज्ञ त्यावर वाद घालतात, पण गँगमनला कोणी वाद घालून पटवून दाखवावं.

मग १९७२. खरी होरपळ मराठवाड्याची आणि पश्चिम महाराष्ट्राची, पण चटका आम्हालाही बसला. रेशनवर लाल मिलो ज्वारी आली. तिची भाकर थापली की कडेने फाटे. गावात सगळे म्हणत, अमेरिकेने डुकरांचं खाणं पाठवलं. वस्तुस्थिती अशी की १९७१ च्या युद्धानंतर अमेरिकेने आपली मदत अडवली होती आणि त्या दुष्काळातलं बरंच धान्य भारताने पैसे मोजून घेतलं होतं. पण खाणाऱ्याला भीक आणि खरेदी यांतला फरक कळायला मार्ग नव्हता. रांग तीच, माप तेच, आणि मापाशी बसलेल्याची वागणूकही तीच.

दुष्काळी कामांवर महाराष्ट्रभर माणूस लोटला. मे १९७३ मध्ये पन्नास लाखांच्या घरात लोक गिट्टी फोडत होते, नाला-बांध घालत होते, पाझर तलाव खोदत होते. फॅमिन कोडच्या काळातलंच काम. फरक पुढे पडला. विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे यांनी १९६५ साली तासगाव तालुक्यात विसापूरला एक प्रयोग करून पाहिला होता: मागेल त्याला काम. त्याचीच रोजगार हमी योजना झाली, १९७७ साली विधिमंडळाने तिचा कायदा केला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो लागू झाला. संविधानाच्या ४१ व्या कलमात कामाचा हक्क मार्गदर्शक तत्त्व म्हणून नुसता लिहून ठेवला होता. महाराष्ट्राने त्याला तारीख लावली. अर्ज केल्यापासून पंधरा दिवसांत काम, नाही तर बेकारी भत्ता. बाईला आणि पुरुषाला दर एकच.

आणि पैसा? तो रोमहून आला नाही की वॉशिंग्टनहून. १९७५ साली व्यवसाय कर बसला, नोकरदारांच्या पगारातून कापायचा, आणि जेवढा जमेल तेवढीच भर सरकारने घालायची. माझ्या पगारपत्रकावर पहिल्या महिन्यापासून 'पी. टी.' ची कापणी होती. ऑफिसात चहाला बसलो की त्यावरून शिव्या. मीही दिल्या आहेत. भातकुली तालुक्यात माझी मावशी हमीच्या कामावर जात असे. माझ्या पगारातले ते चार पैसे कुठे जातात, हे मला तिच्या हजेरीपटावर दिसलं.

मावशीला लिहिता येत नव्हतं. पण कामाच्या मागणीचा अर्ज म्हणजे नमुना ४ आणि त्याची तारखेसह पोच म्हणजे नमुना ५, हे तिला पाठ होतं. एकदा अर्ज घेणाऱ्याने तोंडी सांगितलं, काम नाही, पुढच्या महिन्यात ये. मावशी हलली नाही. म्हणाली, "साहेब, काम नसन त नसू द्या, पन कागद द्या. तारीख टाकून." तो म्हणाला, कागदाचं काय करशील? "तुमाले काय करा लागते? द्या." पोच दिली की पंधरा दिवसांचं घड्याळ सुरू होतं, हे त्यालाही ठाऊक होतं. म्हणूनच तो देत नव्हता. शेवटी दिली, आणि बाराव्या दिवशी नाल्याचं काम निघालं. फॅमिन कोडात असा प्रसंग घडूच शकला नसता. हमीच्या कामांत खोटे हजेरीपट होते, अर्धवट पडलेले तलाव होते, मजुरी महिनोन् महिने अडकत असे. सगळं मान्य. पण मागायला जागा होती. २००५ साली हीच कल्पना दिल्लीच्या कायद्यात गेली, आणि २००६ च्या फेब्रुवारीत पहिल्या दोनशे जिल्ह्यांत अमरावती होती. जागतिक बँकेपासून आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेपर्यंत सगळ्यांनी आमच्या रोजगार हमीचा अभ्यास केला. बडनेऱ्याच्या रकान्यांत लिहायचं तर हा चढलेला माल.

त्यानंतर परदेशी पैसा आला तो वेगळ्या अंगाने. रोममधला आंतरराष्ट्रीय कृषी विकास निधी, स्थापना १९७७ चीच. त्याच्या कर्जातून २००७ पासून महिला आर्थिक विकास महामंडळाने, म्हणजे माविमने, तेजस्विनी कार्यक्रम राबवला. कापूसपट्ट्यातल्या शेतकरी आत्महत्यांच्या सहा जिल्ह्यांसाठी केम हा शेतीचा प्रकल्प आला, त्याचं कार्यालय अमरावतीला. या कार्यक्रमांची भाषा बदललेली होती. 'लाभार्थी' शब्द कागदावरून गेला नाही, पण गटाच्या बैठकीत बाई बोलते का, सही तिची आहे का, हे विचारलं जाऊ लागलं. माझी वहिनी बचत गटात गेली. माविमची 'घर दोघांचे' मोहीम आली तेव्हा तिने ग्रामपंचायतीत घराच्या नमुना आठवर भावाबरोबर स्वतःचं नाव चढवून घेतलं. परदेशी मदतीने आमच्या घरात आणलेली सगळ्यात टिकाऊ वस्तू हीच, असं माझं मत आहे.

तरी मावशीची पोच मला जास्त वजनदार वाटते. कार्यक्रमाला मुदत असते. तेजस्विनी २०१८ मध्ये आटोपली, केमही गुंडाळला गेला. कार्यक्रमाने कबूल केलेलं दिलं नाही तर वहिनी रोमला नमुना ४ भरू शकत नाही. जे कायद्यात आणि दप्तरात चढलं तेवढंच मागे राहिलं.

घराच्या दप्तरात वहिनीचं नाव चढलं, शेताचं मात्र तसं झालेलं नाही. शरद जोशींच्या शेतकरी संघटनेने १९९० च्या सुमारास लक्ष्मीमुक्तीची हाक दिली होती. गावात शंभर जणांनी बायकोच्या नावे जमीन केली की ते गाव लक्ष्मीमुक्त. विदेशी पैसा नाही, अनुदान नाही, तरी गावोगाव लोकांनी ते केलं. आमच्या गावाचा आकडा शंभरापर्यंत पोचला नाही. भावाच्या सातबाऱ्यावर आजही एकट्या भावाचं नाव आहे. "मी मेलो का चढनच तुवं नाव," असं तो म्हणतो. वहिनीने तलाठ्याकडून अर्ज आणून कपाटात ठेवला आहे, आणि गटातल्या आणखी चौघींनाही एकेक आणून दिला आहे.