पेटीतला खर्ज

लहानपणी देऊळगाव राजाच्या आमच्या घरी टेपचा स्पीकर माठाच्या तोंडावर ठेवलेला असे. आवाज घुमायचा, पण कॅसेटमधल्या अब्बांच्या आवाजातला खर्ज हरवायचा. अब्बा गेल्यावर मी प्लायवूडची पेटी केली, भोक पाडून नळी बसवली. तरी तेच.

उत्तर जुने होते. पोकळ भांड्याला स्वतःचा स्वर असतो, हे जर्मन शास्त्रज्ञ हेल्महोल्ट्झ यांनी १८६३च्या ग्रंथात मांडले. अमेरिकेत बेल प्रयोगशाळेतल्या थुरास यांनी १९३० साली नळीच्या पेटीच्या पेटंटसाठी अर्ज केला. ते १९३२ मध्ये मिळाले. स्पीकरच्या पाठीमागचा वाया जाणारा आवाज नळी सुलटा करून पुढे आणते. पेटीतली हवा स्प्रिंगसारखी, नळीतली हवा वजनासारखी. नळी लांबवली की वजन वाढते, पेटीचा स्वर खाली उतरतो. स्पीकर, पेटी आणि नळी यांचे गणित ऑस्ट्रेलियाच्या थील यांनी १९६१ मध्ये मांडले.

माझी नळी आखूड होती, सांध्यांतून हवाही गळत होती. फटी बुजवल्या, नळी लांबवली, कॅसेट लावली. अम्मी चुलीपाशून उठून आली. ‘‘असाच बोलायचे ते,’’ म्हणाली, ‘‘पुन्हा लाव.’’