लीग २ : हंगाम २०१९–२०
फ्रान्समधील दुसऱ्या श्रेणीच्या फुटबॉल स्पर्धेचा हा हंगाम करोनामुळे ३८ पैकी २८ फेऱ्यांवरच थांबला आणि ३० एप्रिल २०२० रोजी संपल्याचे जाहीर झाले. लोरियाँ ५४ गुणांसह विजेता, लाँस ५३ गुणांसह दुसरा; दोघांना बढती मिळाली. ५२, ५१ व ५० गुणांवरचे आजाक्सियो, त्र्वा आणि क्लेरमाँ मात्र हात चोळत राहिले, कारण प्लेऑफही रद्द झाले. एका विजयाने उलटणारी गुणतालिका गोठवणे अन्यायाचे, हा आक्षेप रास्तच. पण ती निव्वळ नशिबाची नव्हती: पुढच्या वर्षी लाँसने वरच्या श्रेणीत सातवे स्थान पटकावले, लोरियाँही टिकला. राहिलेले तिघे २०२२ पर्यंत वर पोहोचले. खरा फटका तळाच्या ल माँ आणि ऑर्लेआँ यांना बसला. त्यांची घसरण कायम राहिली.