स्मार्ट घर: श्रीमंतांचा शौक की गरजेचे काम?

स्मार्ट घर म्हणजे श्रीमंतांचा शौक, असे आपल्याकडे सर्रास मानले जाते. इतिहास वेगळेच सांगतो. १९६६ च्या सुमारास अमेरिकेतील पिट्सबर्गमध्ये वेस्टिंगहाउसचे अभियंता जिम सदरलँड यांनी शिल्लक सुट्या भागांतून घरातच ‘एको फोर’ हा संगणक उभारला. घरातली घड्याळे, तापमान, खरेदीची यादी तो सांभाळू शके. १९६९ मध्ये हनीवेलच्या ‘किचन कॉम्प्युटर’ची किंमत होती १०,६०० डॉलर; एकही विकला गेल्याची नोंद नाही. एकाने घराची गरज पाहिली, दुसऱ्याने हौस. मी पगारदार माणूस. म्हणून उपकरणांच्या दुकानात जाण्याआधी मी गरजा लिहून काढल्या: पाण्याची टाकी भरताच मोटर बंद व्हावी, रात्री जिन्यात दिवा लागावा. एवढेच. बाकीचे पैसे मुलांच्या शिक्षणासाठी राहिले.