डेटाबेससाठी एसएसडी घेताय? स्पीडच्या आधी हे बघा

वसई पूर्वेला वालीव किंवा सातिवलीच्या एखाद्या गाळ्यात बिलिंग आणि स्टॉकचा डेटाबेस ऑफिसातल्याच पीसीवर चालवत असाल, तर पावसाळ्यात वीज कशी जाते हे वेगळं सांगायला नको. जुलै 2018 च्या पुरात तर वसई-विरारच्या अनेक भागांत वीज बंद होती. लॅमिंग्टन रोडला एसएसडी घ्यायला गेलात की दुकानदार आधी स्पीड सांगतो. पण डेटाबेससाठी पहिला प्रश्न वेगळा आहे: ड्राइव्ह ‘लिहून झालं’ म्हणाली आणि त्याच क्षणी वीज गेली, तर ते खरंच लिहिलेलं असेल का?

‘लिहून झालं’ म्हणजे नक्की काय

बिल सेव्ह केलं की पोस्टग्रेस किंवा मायएसक्यूएल ड्राइव्हला सांगतो, हे आत्ताच्या आत्ता कायमचं लिही. या हुकमाला एफसिंक म्हणतात. ड्राइव्ह मात्र आलेला डेटा आधी आपल्या छोट्या रॅममध्ये ठेवते आणि मग सावकाश फ्लॅश चिपवर उतरवते. प्रामाणिक ड्राइव्ह चिपवर उतरेपर्यंत थांबून उत्तर देते, म्हणून ती हळू वाटते. काही ड्राइव्ह थांबतच नाहीत. 2013 मध्ये ओहायो स्टेट विद्यापीठ आणि एचपी लॅब्जच्या संशोधकांनी 15 एसएसडींची वीज मुद्दाम तोडून पाहिली. त्यातल्या 13 मध्ये काही ना काही बिघाड दिसला.

यावरचा उपाय म्हणजे पॉवर लॉस प्रोटेक्शन. अशा ड्राइव्हवर कपॅसिटर असतात. वीज गेली तरी रॅममधलं चिपवर उतरवण्यापुरती ऊर्जा त्यांच्यात साठलेली असते. म्हणून ती लगेच ‘झालं’ म्हणू शकते आणि ते खरंही असतं. त्यामुळे छोट्या-छोट्या व्यवहारांसाठी हीच ड्राइव्ह साध्या ड्राइव्हपेक्षा बरीच वेगवान पडते. सॅमसंग पीएम9ए3, मायक्रॉन 7450, किंग्स्टन डीसी600एम यांत ही सोय आहे.

जाहिरातीतले शब्द नीट वाचा. काही साध्या ड्राइव्हचं ‘संरक्षण’ फक्त आधीच चिपवर असलेल्या डेटापुरतं असतं, रॅममधला डेटा जातोच. डेटाशीटमध्ये कपॅसिटरचा स्पष्ट उल्लेख शोधा.

यूपीएस आहे ना, मग? यूपीएस हवाच. पण त्याची बॅटरी उतरते, पीसीचा पॉवर सप्लाय उडतो, झाडू मारताना प्लग निघतो.

पोस्टग्रेससोबत पीजी-टेस्ट-एफसिंक नावाचं टूल येतं. कपॅसिटर नसलेली ड्राइव्ह त्यात सेकंदाला दहा-दहा हजार एफसिंक दाखवत असेल, तर खूश होऊ नका. कुठेतरी थाप मारली जातेय.

आयुष्याची काळजी किती करायची

सॅमसंग 870 इव्होच्या 1 टीबी मॉडेलला 600 टेराबाइट लिखाणाची वॉरंटी आहे, डीसी600एमच्या 960 जीबीला 1752. डेटाबेस दिसतं त्यापेक्षा जास्त लिहितो: एक ओळ बदलली तरी पोस्टग्रेसला 8 केबीचं अख्खं पान लिहावं लागू शकतं. तरीही रोज 200 जीबी धरले तर 5 वर्षांत 365 टेराबाइट होतात. छोट्या ऑफिसचं एवढंही होत नाही. माझ्या मते 870 इव्होसारखी साधी ड्राइव्ह इथे आयुष्यावर हरत नाही, वीज गेल्यावर हरते.

दोन ड्राइव्ह, एकच बॅच

रेडमध्ये दोन ड्राइव्ह लावल्या म्हणजे निश्चिंत, असंही नाही. नोव्हेंबर 2019 मध्ये एचपीईने आपल्या काही एसएसडींबद्दल इशारा दिला होता: फर्मवेअरमधल्या चुकीमुळे त्या 32,768 तास चालल्यावर, म्हणजे 3 वर्षं 270 दिवस 8 तासांनी, बंद पडतील आणि डेटाही परत मिळणार नाही. एकाच दिवशी सुरू केलेल्या दोन ड्राइव्ह एकाच वेळी जाणार! म्हणून शक्य असेल तर दोन वेगळ्या कंपन्यांच्या घ्या, फर्मवेअर अपडेट ठेवा आणि बॅकअप त्या पीसीच्या बाहेर, जमलं तर गाळ्याच्याही बाहेर ठेवा.