आइस हॉकीची वर्ल्ड चॅम्पियनशिप कशी चालते? इथे शेवटून पहिला येणं का महागात पडतं?

क्रिकेटचा वर्ल्ड कप चार वर्षांनी येतो. आइस हॉकीची पुरुषांची वर्ल्ड चॅम्पियनशिप मात्र साधारण दरवर्षी मे महिन्यात होते. १९०८ मध्ये स्थापन झालेला आंतरराष्ट्रीय आइस हॉकी महासंघ ती भरवतो.

फॉरमॅट काय?
सर्वोच्च गटात १६ देश असतात. आठ-आठचे दोन गट पडतात आणि प्रत्येक संघ साखळीत सात सामने खेळतो. दोन्ही गटांतले पहिले चार संघ उपांत्यपूर्व फेरीत जातात. तिथून पुढे हरला की विजेतेपदाची आशा संपली.

गुण कसे मिळतात?
सामना २० मिनिटांच्या तीन सत्रांचा असतो. या ६० मिनिटांत जिंकल्यास ३ गुण. बरोबरी झाली तर जादा वेळ, त्यातही निकाल नाही लागला तर पेनल्टी शूटआउट. अशा वेळी विजेत्याला २ आणि हरणाऱ्याला १ गुण मिळतो.

तळाला राहिलं तर?
दोन्ही गटांतला शेवटचा संघ खालच्या डिव्हिजनमध्ये जातो आणि तिथले पहिले दोन वर येतात. त्यामुळे तळाचे सामनेही चुरशीचे होतात. २०१९ मध्ये ब्रिटन फ्रान्सविरुद्ध ०-३ ने मागे होता. जादा वेळेत ४-३ ने जिंकून तो वाचला, फ्रान्स खाली गेला.

मोठे स्टार का दिसत नाहीत?
मे महिन्यात उत्तर अमेरिकेतल्या एनएचएल लीगचे प्लेऑफ सुरू असतात. ज्यांचे क्लब त्यात टिकून आहेत, ते खेळाडू देशासाठी मोकळे नसतात. ऑलिंपिकचं गणित वेगळं आहे. १९९८ ते २०१४ या काळात एनएचएलने ऑलिंपिकसाठी लीग थांबवली होती. २०१८ आणि २०२२ मध्ये मात्र तिचे खेळाडू गेले नाहीत.

छोट्या देशांना याचं एवढं काय?
२०२३ मध्ये लाटव्हियाने अमेरिकेला हरवून कांस्य जिंकलं. हे त्यांचं या स्पर्धेतलं पहिलंच पदक. त्या रात्री संसद भरली आणि दुसऱ्या दिवशी देशाला सुट्टी जाहीर झाली!

भारत कुठे आहे?
भारत १९८९ पासून महासंघाचा सदस्य आहे. खेळाचं माहेरघर लडाख, जिथे हिवाळ्यात गोठलेल्या तळ्यांवर सराव चालतो. २०२५ मध्ये भारतीय महिला संघाने संयुक्त अरब अमिरातीत झालेल्या आशिया कपमध्ये कांस्यपदक पटकावलं.