टोलमाउंटची वहिवाट

वहिवाटीचा तंटा म्हणजे काय, हे खेड्यात राहणाऱ्या माणसाला समजावून सांगायला नको. बांधावरून गाडीवाट अडली की दोन पिढ्या कोर्टाच्या पायऱ्या झिजवतात. असाच एक तंटा स्कॉटलंडमध्ये एका डोंगरवाटेवरून पेटला आणि थेट लंडनच्या हाउस ऑफ लॉर्ड्‌सपर्यंत गेला.

टोलमाउंट हा तिथला डोंगर. उंची सुमारे ३,१४० फूट. बेन नेव्हिसचे नाव भूगोलाच्या पुस्तकात येते, याचे येत नाही. पठारावर आलेला गवताळ उंचवटाच म्हणा ना! पण ब्रेमार गावाहून निघून याच्या कुशीतून ग्लेन डोल खोऱ्यात उतरणारी एक जुनी पायवाट आहे. तिला ‘जॉक्स रोड’ म्हणतात. नाव रोड, एरवी दगड नि चिखल.

ऑस्ट्रेलियात पैसा मिळवून परतलेल्या डंकन मॅकफर्सनने ग्लेन डोलची जमीन विकत घेतली आणि ही वाट अडवली. हरणांच्या शिकारीसाठी डोंगरच्या डोंगर राखण्याचा तो काळ. पायी हिंडणारा माणूस धनिकांच्या डोळ्यांत खुपे. वाटांच्या रक्षणासाठी १८४५ साली एडिंबरोत निघालेली एक संस्था मग कोर्टात गेली.

आता गंमत पाहा. मालकाजवळ खरेदीखत होते. संस्थेजवळ काय? लोक या वाटेने चाळीस वर्षे बिनअडथळा जात-येत होते, एवढे तिला सिद्ध करायचे होते. तेव्हा उपयोगी पडल्या त्या मेंढरे हाकणाऱ्यांच्या साक्षी. ब्रेमारकडची मेंढरे याच वाटेने कलोच्या बाजाराला जात, हे त्यांनी सांगितले. विद्वानांच्या कागदांपेक्षा त्यांची पायपीट भारी ठरली! १८८८ साली हाउस ऑफ लॉर्ड्‌सने वाट लोकांची ठरवली. खर्चाने मात्र जिंकलेली संस्थाही बेजार झाली.

हा हक्क त्या एका वाटेपुरताच होता. पुढे २००३ च्या कायद्याने स्कॉटलंडच्या बहुतेक जमिनीवर पायी हिंडण्याचा हक्क सर्वांना दिला. अट एकच, जबाबदारीने वागायचे. त्यामुळे आज तुम्ही जॉक्स रोड सोडून सरळ टोलमाउंटच्या माथ्यावर जाऊ शकता.

हवेवर मात्र कोणाचा कायदा चालत नाही. जानेवारी १९५९ मध्ये याच वाटेने निघालेले पाच जण हिमवादळात दगावले. त्यानंतर काही वर्षांनी वाटेच्या वरच्या अंगाला एक छोटा दगडी निवारा उभारला गेला.