बिबवेवाडी : नावात वाडी, पत्ता पुणे शहराचा, या गावाचा वारसा नेमका काय?

स्वारगेटहून कात्रजकडे निघालं की सातारा रस्त्याच्या डाव्या बाजूला बिबवेवाडी लागते. आज इथे सोसायट्या, ईएसआय रुग्णालय, अप्पर इंदिरानगरची दाट वस्ती आणि १९८३ मध्ये सुरू झालेलं विश्वकर्मा इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी आहे. किल्ला किंवा राजवाडा नाही. मग या भागाला इतिहास आहे का? आहे, पण तो नावात आणि जमिनीखाली शोधावा लागतो.

नावाचा अर्थ काय?

बिबवा म्हणजे बिब्बा. या झाडाच्या फळातलं काळं तेल कपड्यावर लागलं की धुऊनही जात नाही, म्हणून धोबी त्याने कपड्यांवर खुणा करत. तेच तेल अंगाला लागलं तर फोड येतात. आतला गर मात्र गोडंबी म्हणून खाल्ला जातो. 'बिब्बा घालणे' हा वाक्प्रचारही याच झाडाचा. 'बिबवे' हे आडनावही आहे. 'वाडी' म्हणजे मोठ्या गावाच्या आधाराने वसलेली छोटी वस्ती. इथे ते मोठं गाव म्हणजे पुणे.

वाडीचं उपनगर कसं झालं?

पुणे महापालिका १९५० मध्ये स्थापन झाली. १२ जुलै १९६१ रोजी पानशेत धरण फुटलं आणि नदीकाठच्या पेठा पाण्याखाली गेल्या. बेघर झालेल्या अनेक कुटुंबांच्या सहकारी सोसायट्या शेजारच्या सहकारनगर परिसरात उभ्या राहिल्या. शहर दक्षिणेकडे सरकलं. उत्तरेला गुलटेकडीचं मार्केट यार्ड आलं, तसा व्यापारी, हमाल आणि तोलणारांचा वावर वाढला. शेतांच्या जागी घरं आली.

जमिनीखाली काय आहे?

कात्रजच्या तलावांतून शनिवारवाड्याकडे पाणी नेणारा भूमिगत नळ याच पट्ट्यातून जातो. अठराव्या शतकाच्या मध्यात, नानासाहेब पेशव्यांच्या काळात तो बांधला गेला. पंप नाही, फक्त उतार. हवा खेळावी आणि गाळ काढता यावा म्हणून वाटेत उच्छ्वास ठेवले होते.

हाच उतार आंबिल ओढ्याचाही आहे. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री ओढ्याला पूर आला आणि सहकारनगर, अरण्येश्वर परिसरात पाणी घुसलं. पाण्याच्या जुन्या वाटा विसरल्या की काय होतं, ते तेव्हा दिसलं.

आता पुढे काय?

१६ ऑगस्ट २०२४ रोजी केंद्र सरकारने स्वारगेट-कात्रज या ५.४६ किलोमीटरच्या भुयारी मेट्रोला मंजुरी दिली. मार्केट यार्ड, बिबवेवाडी, बालाजीनगर हे भाग तिने जोडले जाणार आहेत. म्हणजे पेशव्यांच्या नळानंतर या पट्ट्यात जमिनीखालून आणखी एक मोठी वाट जाणार. नवी वाट खोदताना जुन्या नळाची, ओढ्यांची आणि गावठाणाची नोंद नकाशावर असेल, तरच बिबवेवाडीचा वारसा पुढच्या पिढीला दाखवता येईल.